गॅसचं काम घरच्या घरी करावं का? आमच्या नानांच्या पितळी 'टी'ची गोष्ट

मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे, भरिताच्या वांग्यांचा सीझन ऐन भरात होता. लिहायची की नाही यात बरेच दिवस गेले, कारण यात माझ्या वडिलांची चूक आहे आणि ते हे वाचणार आहेत. शेवटी त्यांनीच सांगितलं, "लिही, कोनाना तरी जीव वाची." म्हणून लिहितोय.

आम्ही अमळनेरचे. वडिलांना सगळे नाना म्हणतात, मीपण. नाना भुसावळला रेल्वेत फिटर होते, पस्तीस वर्षं पाइप, व्हॉल्व, गास्केट, नट याच्यातच हात. रिटायर होऊन घरी आले तरी ती हत्यारांची लोखंडी पेटी अजून त्यांच्या पलंगाखाली असते आणि गल्लीत कुणाचा नळ गळला, कुणाची मोटर बंद पडली की पहिला आवाज नानांना. आमच्या घरात प्लंबर कधी आलेला मला आठवत नाही. गॅसचंही तसंच, सिलेंडर बदलणं, पाइप बदलणं, शेगडीचा बर्नर साफ करणं, जेटमध्ये बारीक तार घालणं, सगळं नाना. आणि काम एकदम नीट, क्लिपचा स्क्रू किती आवळायचा ते बोटाला माहीत असलेला माणूस.

तर थंडी वाढली आणि पाण्याचा प्रश्न आला. आधी आमच्याकडे मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता, पण आईला आता धूर सोसत नाही, सकाळी सकाळी काड्या पेटवणंही होत नाही. विजेचा गिझर घ्यावा तर बिल आणि वर लाईटचा भरवसा नाही, मग मीच गॅस गिझर आणला, तो छोटा चौकोनी, दोन मोठे सेल टाकायचे आणि नळ सोडला की आपोआप पेटतो तो. दुकानदार म्हणाला मेकॅनिक पाठवतो, बसवायचे वेगळे पैसे. नाना म्हणाले, "मी पस्तीस वरीस पाइप जोडात, माले कोनी शिकाडानी गरज नही." आणि मलापण ते पटलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर सगळे नानांना बोलले, पण गिझर आणणारा मी होतो आणि तो बाथरूमच्या आत लावू या असं म्हणणारापण मीच.

स्वयंपाकघराच्या मागची भिंत म्हणजेच बाथरूमची भिंत. नानांनी हार्डवेअरच्या दुकानातून पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणला, रेग्युलेटरपासून निघणारा पाइप मध्ये कापून तिथे टी बसवला, एक तोंड शेगडीकडे, दुसऱ्या तोंडातून नवा पाइप भिंतीला भोक पाडून पलीकडे गिझरला. चार क्लिपा, टेफ्लॉन टेप, सगळं साग्रसंगीत. मग वाटीत साबणाचं पाणी करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावलं आणि गॅस चालू करून आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं. एक बुडबुडा नाही. नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला आजही दिसतं. काम खरंच चोख होतं. आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच, की ज्या कामात काही चूक दिसत नव्हती तेच काम आमच्या पोरीच्या जिवावर आलं होतं.

तीनेक आठवडे सगळं मस्त चाललं. मग एका सकाळी सातवीतली पोरगी शाळेच्या घाईत अंघोळीला गेली. थंडी म्हणून वरची छोटी खिडकी बंद, तिला आम्हीच मागच्या आठवड्यात प्लास्टिकचा कागद लावला होता वारा येतो म्हणून. पाण्याचा आवाज येत होता, मग येतच राहिला. बायकोने हाक मारली, उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली तर आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं. नशीब इतकं चांगलं की कडी अर्धीच लागली होती, दार ढकललं तर पोर भिंतीला टेकून खाली बसलेली, डोळे अर्धवट उघडे, नळ चालूच, आणि सगळी वाफ. तिला उचलून अंगणात आणली. ओकारी झाली, डोकं दुखतंय म्हणून रडायला लागली, आणि ती रडली तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?" ताप किती, काय खाल्लं, काही नाही. सरळ हाच. ऑक्सिजन लावला, दिवसभर ठेवून घेतलं, संध्याकाळी घरी. पोरगी आता ठणठणीत आहे.

झालं काय होतं ते नंतर नीट समजून घेतलं ते इथे सांगतो, कारण हे आपल्याकडे बऱ्याच लोकांना माहीतच नाही. गॅस जळायला हवा लागते. बंद छोट्या खोलीत गिझर पेटला की तो तिथलाच ऑक्सिजन खातो, आणि ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या सिलेंडरच्या गॅसला जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, गळती कळावी म्हणून, पण जळल्यानंतर तो वासही जातो. म्हणजे बाथरूममध्ये जे साचत होतं त्याचा नाकाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं. आणि हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो पण शरीराला काही पोचत नसतं. चक्कर येते, पायातली ताकद जाते, आणि कडी काढायला उठायचं म्हटलं तरी उठता येत नाही. साबणाच्या पाण्याने हे कळत नाही. नानांची टेस्ट गळतीची होती आणि गळती नव्हतीच. निदान तेव्हा तरी.

"तेव्हा तरी" म्हणालो कारण पुढे अजून एक गोष्ट निघाली. दुसऱ्या दिवशी मी एजन्सीला फोन करून त्यांचा मेकॅनिक बोलावला. साधा पोरगा, तिशीतला, नानांचे पाय धरले आधी, मग काम बघितलं आणि म्हणाला, "नाना, काम एक नंबर शे, पन हाई चालाव नही." त्याने रेग्युलेटर बंद करून काढला, सिलेंडरवर टोपी बसवली, क्लिपा सोडवल्या आणि भिंतीच्या भोकातून तो नवा पाइप हळूहळू बाहेर ओढला. मधल्या वीतभर भागावर, जो भिंतीच्या आत होता आणि कुणालाच दिसत नव्हता, उंदराच्या दातांचे बारीक खरवडे होते. केशरी रबर निघून आतली तार दिसत होती, एके ठिकाणी नखाएवढा भाग पार उघडा पडलेला. तो अस्सल आयएसआयचा, आत स्टीलच्या तारेची जाळी असलेला सुरक्षा पाइप होता म्हणून वाचलो, नाहीतर बाजारात मिळतो तसा हिरवा प्लास्टिकचा पाइप असता तर केव्हाच आरपार झाला असता. नानांनी तो पाइप हातात घेतला, चष्मा लावला, त्या खरवड्यांवरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. नाना काही बोलत नाहीत असं फार कमी वेळा होतं.

मेकॅनिक म्हणाला पाइप पूर्ण नजरेसमोर पाहिजे, भिंतीतून, ओट्याच्या मागून, कपाटातून नेऊ नका, लांबी दीड मीटरच्या आत ठेवा आणि मध्ये जोड नको. एका रेग्युलेटरवर टी टाकून दोन गोष्टी चालवलेल्या आम्ही पास करत नाही. आणि गिझर बाथरूमच्या आत तर कधीच नाही.

त्या रात्री मला झोप लागेना आणि मी वाचायला बसलो की असं काम आपण आपलं करणं कायद्यात बसतं का. कारण भाचा इंग्लंडमध्ये आहे, त्याने एकदा सांगितलं होतं की तिकडे गॅसला हात लावायला रजिस्टर्ड माणूसच लागतो, आणि मला तेव्हा ते फार जास्त वाटलं होतं. आता मात्र मी त्याला फोन करून सगळं नीट विचारलं, स्वतःही शोधलं.

तिकडे १९९८ चे गॅस सेफ्टीचे नियम आहेत. पैसे घेऊन गॅसचं काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला असलाच पाहिजे, २००९ च्या १ एप्रिलपासून हे रजिस्टर आहे, त्याआधी कॉर्गी नावाचं होतं. पण खरी मेख पुढे आहे. स्वतःच्या घरात स्वतःचं काम फुकट करणाऱ्याला रजिस्टरमध्ये नाव असण्याची सक्ती त्या नियमात नाही, नियम एवढंच म्हणतो की जो कुणी गॅसचं काम करेल तो त्या कामाला सक्षम असला पाहिजे. सक्षम नसताना हात लावला तर तो गुन्हा. म्हणजे कुणी म्हणेल की मग नानांसारखा फिटर तिकडे बसलाच असता की. पण सक्षम म्हणजे फक्त नट आवळता येणं का? हवा कुठून येणार, धूर कुठून जाणार, पाइप कुठून न्यायचा, प्रेशर किती, हे सगळं आलं त्यात. नानांना स्टीम आणि एअरचे पाइप पस्तीस वर्षांचे पाठ, पण बंद खोलीत जळणारा गॅस हा विषय त्यांच्या हातून कधी गेलाच नव्हता. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, पोरीच्या उशाशी बसून.

भाच्यानेच मला रोनन पॉइंटचं सांगितलं. लंडनमधली बावीस मजली इमारत, नवीकोरी, १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला, इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा कोसळला, चार माणसं गेली. त्या बाई वाचल्या. चौकशीत निघालं की शेगडीच्या पाइपला जोडलेला एक पितळी नट कमी दर्जाचा होता, तो तडकला आणि रात्रभर गॅस साचला. इमारतीच्या बांधकामातही दोष होतेच, पण सुरुवात त्या नटापासून. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आमचा हार्डवेअरच्या दुकानातला टी आला, ज्यावर कुठलाच शिक्का नव्हता.

आता आपल्याकडचं. आपला कायदा तुमच्या हातात कसब किती ते विचारतच नाही. आपल्याकडे प्रश्न मालकीचा आणि परवानगीचा आहे. कनेक्शन घेताना आपण जे डिपॉझिट भरतो ते सिलेंडर आणि रेग्युलेटर वापरायला मिळाल्याचं. दोन्ही वस्तू कंपनीच्या मालकीच्या, आपल्या कधीच होत नाहीत. शेगडी आणि पाइप आपले. (शेगडी एजन्सीकडूनच घ्या अशी सक्ती कुणाला करता येत नाही, बाहेरून घ्या, फक्त आयएसआय मार्क बघा. हे मध्येच सांगतो कारण नव्या कनेक्शनला लोकांना अजूनही हे माहीत नसतं.)

सिलेंडरला लागू होतात गॅस सिलेंडर नियम, २०१६, जे १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतात, आणि ते बघणारी पेसो ही केंद्राची संस्था, तिचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. सिलेंडरचा व्हॉल्व खोलणं, त्यात काही फेरफार करणं, वेल्डिंग करणं, हे आपलं काम नाहीच. दुसरा म्हणजे २००० सालचा एलपीजीच्या पुरवठ्याचा आणि वाटपाचा आदेश, तो जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली. यात एका सिलेंडरमधून दुसऱ्यात गॅस भरायला बंदी, घरगुती गॅस धंद्याला किंवा गाडीला वापरायला बंदी, अधिकृत वितरकाशिवाय कुणी सिलेंडर, रेग्युलेटर विकायला बंदी. आणि जीवनावश्यक वस्तू कायद्यात शिक्षा आहे किमान तीन महिने ते सात वर्षांपर्यंत. सात वर्षं! आपल्याकडे किती घरांत शिकणाऱ्या पोरांच्या खोलीवर तो छोटा सिलेंडर असतो जो मोठ्यातून उलटा करून भरून आणलेला असतो, किती गाड्या कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये घरगुती सिलेंडरवर भरल्या जातात. जळगाव शहरात असाच गाडीत गॅस भरताना भडका उडाला होता, माणसं गेली. ते सगळ्यांनी बातमीत वाचलं आणि आठ दिवसांत विसरलो. ज्याला छोटाच सिलेंडर पाहिजे त्याला पाच किलोचा कंपनीचाच सील असलेला मिळतो की, भाड्याने राहणाऱ्यालाही मिळतो, मग हा जिवाशी खेळ कशाला.

मग घरातलं साधं काम? सिलेंडर बदलणं, रेग्युलेटर लावणं, काढणं तर आपणच करतो, ते आपल्याकडून अपेक्षितच आहे. पाइप बदलायला लायसन लागत नाही, जुना काढून नवा आयएसआयचा लावला तर पोलीस येणार नाहीत. पण काही झालं तर मात्र येतात. भारतीय न्याय संहितेत कलम २८७ आहे, आगीशी किंवा पेट घेणाऱ्या वस्तूशी निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि निष्काळजीपणाने माणूस गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. घर आपलं असलं तरी भिंतीपलीकडे शेजारी असतोच ना. आमची भिंत तर काकांच्या घराशी एकच आहे.

आणि एक विम्याचं, जे मला चाळीस वर्षांचा होऊनसुद्धा माहीत नव्हतं. प्रत्येक घरगुती गॅस ग्राहकाच्या मागे तेल कंपन्यांनी विमा काढलेला असतो, आपल्याला वेगळा हप्ता नाही. गॅसमुळे अपघात झाला तर मृत्यूला माणशी ६ लाख, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत, घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. पण घराचं नुकसान धरतात ते नोंदवलेल्या पत्त्यावरचं, अपघात झाल्याबरोबर वितरकाला लेखी कळवावं लागतं, आणि मग माणसं येऊन बघतात की पाइप कुठला होता, शेगडी कुठली, मुदत संपली होती का. मेकॅनिकला मी सरळ विचारलं की आमच्याकडे काही झालं असतं तर? त्याने त्या टीकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, हाई दखाडता तुमले?" म्हणजे हे तुम्ही दाखवलं असतं का. मी काय बोलणार.

माझ्या मनात अजून एक आहे. आपल्याकडे गॅसवाला मेकॅनिक म्हणजे पैसे उकळायला आलेला माणूस अशी एक पक्की समजूत आहे. पाच वर्षांनी तपासणीला येतात तर बाया दारातूनच परत पाठवतात, सगळं बरंय म्हणून. कुणी खोटे लोकपण फिरतात हे खरं आहे, एजन्सीचे म्हणून येतात आणि महागाचा पाइप गळ्यात मारतात, म्हणून ओळखपत्र बघा, एजन्सीला फोन करून विचारा. पण खऱ्या माणसाला परत पाठवू नका हो. तो दहा मिनिटांत जे बघतो ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्या स्वयंपाकघरात रोज उठबस करतो आणि रोजचं दिसेनासं होतं. पाइपवर मुदत छापलेली असते, पाच वर्षं, आमच्या शेगडीच्या पाइपची मुदत मागच्याच्या मागच्या वर्षी संपली होती आणि तो पाइप मी रोज बघत होतो. सिलेंडरवरही वरच्या पट्टीच्या आतून अक्षर आणि आकडा असतो, ए बी सी डी, वर्षाचे चार भाग, 'बी' म्हणजे जूनअखेर, त्यापुढे साल. ती त्या सिलेंडरच्या पुढच्या टेस्टिंगची तारीख. उलटून गेलेली असेल तर घेऊ नका, बदलून मागा, तो आपला हक्क आहे.

पुण्यात माझा धाकटा भाऊ राहतो, त्याच्याकडे पाइपचा गॅस आहे. तिथे तर मीटरपर्यंतची लाइन कंपनीची, सील असतं, आपण आपल्या मनाने किचन हलवलं आणि प्लंबरला सांगून ती लाइन वळवली असं चालतच नाही, कंपनीलाच बोलवावं लागतं. आणि तिथली शेगडी इथे आणून सिलेंडरला लावू असंही नाही, दोन्ही गॅसचं प्रेशर वेगळं, जेट वेगळे, ते बदलावे लागतात. अजून एक मोठा फरक, तो गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. आपला सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो खाली फरशीवर पाण्यासारखा पसरतो, ओट्याखाली, पलंगाखाली, मोरीत जाऊन बसतो. म्हणून वास आला की खालचं दार आधी उघडायचं. म्हणून सिलेंडर खड्ड्यात, तळघरात ठेवायचा नाही. आणि वास आला की लाईटचं बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. आईला हे कोणी शिकवलं माहीत नाही पण लहानपणी एकदा रात्री तिने मला उठवलं होतं ते आठवतं, "उठ रे, गॅसना वास यी ऱ्हायना, लाईट नको लावू," आणि अंधारात चाचपडत तिने मागचं दार उघडलं होतं.

कुणी म्हणेल मग काय आता प्रत्येक गोष्टीला मेकॅनिक बोलवायचा का. मी माझ्यापुरतं ठरवलंय. सिलेंडर बदलणं मी करणार, साबणाचं पाणी लावणं मी करणार, बर्नर घासणं मी करणार. पाइप एजन्सीकडूनच घेणार आणि त्यांच्याच माणसाकडून लावून घेणार, त्याचे जे काय शंभर-दीडशे होतील ते होतील. सिलेंडरचा व्हॉल्व किंवा रेग्युलेटर खोलणं आणि गॅसवर जळणारी कुठलीही नवी वस्तू जोडणं याला घरातल्या कुणीच हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा मिस्त्री असो. ज्याला गॅस गिझर पाहिजेच असेल त्याने आयएसआयचाच घ्यावा, बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि अधिकृत माणसाकडूनच. आमचा गिझर माळ्यावर गेला, विजेचा आणला, बिल येतंय ते भरतोय. ते भिंतीतलं भोक नानांनी त्याच दिवशी सिमेंट कालवून स्वतः बुजवलं. वरच्या खिडकीचा प्लास्टिकचा कागदही त्यांनीच फाडून काढला.

परवा संध्याकाळी समोरच्या वहिनी धावत आल्या, नवा सिलेंडर लावला आणि व्हॉल्वमधून सूं सूं आवाज येतोय, वास येतोय, नाना जरा चला. हा प्रकार तुम्हाला माहीत असेल, व्हॉल्वच्या आत काळं रबराचं बारीक रिंग असतं, ते फाटलं किंवा नसलं की असं होतं, आणि आपल्याकडे घरोघरी लोक सेफ्टी पिनने ते काढतात आणि जुन्या सिलेंडरचं काढून यात बसवतात. नानांनी आजवर असे किती केले असतील त्याचा हिशेब नाही. मीपण त्यांच्या मागे गेलो.

नानांनी आधी वहिनींच्या देवघरातला दिवा विझवायला सांगितला. रेग्युलेटर बंद करून काढला, दोऱ्याला लटकलेली पांढरी टोपी व्हॉल्ववर ठेवून अंगठ्याने दाबली, टक्क आवाज झाला आणि सूं सूं थांबलं. मग दोघांनी मिळून सिलेंडर उचलून अंगणात ठेवला, दारं खिडक्या उघडल्या. वहिनी म्हणाल्या, "नाना, पिन देऊ का?" नाना म्हणाले, "नको बेटा. १९०६ ले फोन लाव." चोवीस तास चालणारा नंबर आहे तो, गळतीसाठीच. बाहेर गल्लीत येऊन वहिनींनी फोन लावला.

मेकॅनिक यायला तासभर लागला. तोपर्यंत नाना त्या सिलेंडरजवळ पायरीवर बसून होते, गल्लीतली पोरं बॉल खेळत जवळ आली की हाताने लांब करत.